तीन गणवेशांचा सैनिक : लाउरी तोर्नी

२६ जून २००३ रोजी अमेरिकेच्या राजधानीलगत असलेल्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत एका मेजरच्या अस्थींना लष्करी इतमामाने मूठमाती देण्यात आली. या अधिकाऱ्याचा मृत्यू त्यापूर्वी सुमारे अडतीस वर्षे आधी, व्हिएतनामच्या डोंगराळ प्रदेशात झाला होता. अमेरिकी लष्कराच्या दप्तरी त्यांचे नाव लॅरी थॉर्न असे होते. मात्र जन्मनाव होते लाउरी अ‍ॅलन तोर्नी, जन्मभूमी फिनलंड. अमेरिकी गणवेश अंगावर चढविण्यापूर्वी त्यांनी आणखी दोन देशांच्या बाजूने शस्त्र धरले होते. त्यांपैकी एक त्यांची मायभूमी आणि दुसरा हिटलरचा जर्मनी. जर्मनीतही त्यांनी जी संघटना निवडली ती साधी नव्हती. वाफेन एस.एस. या नावाने ओळखले जाणारे ते नाझी पक्षाचे सशस्त्र दल होते. आर्लिंग्टनमध्ये विसावलेला एस.एस.चा हा एकमेव ज्ञात माजी सदस्य असल्याचे सांगितले जाते.

अशा माणसाला वीर म्हणावे की अपराधी, हा वाद फिनलंडमध्ये अनेक वर्षे चालू आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी त्यांचे आयुष्य क्रमाने पाहणे आवश्यक ठरते.

तोर्नी यांचा जन्म २८ मे १९१९ रोजी वीपुरी या शहरात झाला. वडील जहाजावर कप्तान होते. फिनलंडच्या आखातावरील वीपुरी हे कारेलिया प्रांताचे मुख्य शहर व गजबजलेले बंदर होते. आज ते रशियात असून व्हिबोर्ग या नावाने ओळखले जाते. फिनलंड रशियन साम्राज्यातून स्वतंत्र झाल्यास तेव्हा जेमतेम दीड वर्ष लोटले होते आणि लाल व पांढऱ्या गटांतील रक्तरंजित यादवी युद्धाच्या जखमा ताज्या होत्या. सीमेपलीकडचा बोल्शेव्हिक शेजारी हाच आपला शत्रू, ही भावना त्या पिढीतील अनेकांनी लहानपणापासून ऐकली होती. तरुण लाउरी यांनी व्यापारी शिक्षण घेतले, नागरी संरक्षक दलात भाग घेतला आणि १९३८ साली सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते एका येगर पलटणीत दाखल झाले. त्यांची सेवा संपण्यापूर्वीच, ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्याने फिनलंडवर आक्रमण केले.

हिवाळी युद्ध म्हणून इतिहासात नोंदली गेलेली ही लढाई १०५ दिवस चालली. लादोगा सरोवराच्या उत्तरेकडील अरण्यात लांबलचक रांगेने पुढे सरकणाऱ्या सोव्हिएत डिव्हिजनांचे फिनिश सैनिकांनी तुकडे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वेढून टाकला. या वेढ्यांना फिनिश भाषेत मोत्ती म्हणतात. सरपणाच्या रचून ठेवलेल्या ढिगासाठी तेथील लाकूडतोडे वापरतात तोच हा शब्द. लेमेत्ती येथील अशा वेढ्यांतील लढाईत तोर्नी यांनी दाखविलेले धाडस वरिष्ठांच्या नजरेत भरले आणि त्यांना अधिकारी प्रशिक्षणासाठी पाठविण्यात आले. मार्च १९४० मध्ये तह झाला. फिनलंडचे स्वातंत्र्य टिकले, परंतु देशाचा सुमारे एक दशांश भूभाग गेला. त्यात वीपुरीही गेले. कारेलियातील चार लाखांहून अधिक लोक घरदार सोडून उर्वरित फिनलंडमध्ये आले. तोर्नी कुटुंबही त्या निर्वासितांत होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी या तरुणाचे गाव परक्यांच्या नकाशात गेले होते, ही बाब त्यांच्या पुढील निर्णयांचा विचार करताना विसरून चालणार नाही.

१९४१ च्या वसंत ऋतूत फिनलंडमध्ये एक भरती गाजावाजा न करता सुरू झाली. वाफेन एस.एस.मध्ये फिनिश स्वयंसेवकांची एक पलटण उभारण्याचा प्रस्ताव जर्मनीने ठेवला होता. रशियाविरुद्ध जर्मनीचे संरक्षण मिळेल, या आशेने फिनिश सरकारने त्याकडे डोळेझाक केली, इतकेच नव्हे तर पडद्याआडून साहाय्यही केले. एकूण १,४०८ फिनिश तरुण या पलटणीत गेले. नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, पुढे एस्टोनिया, लाटव्हिया अशा अनेक देशांतून वाफेन एस.एस.मध्ये माणसे आली. महायुद्ध संपेपर्यंत या दलातील बिगर जर्मन सैनिकांची संख्या काही लाखांवर पोहोचली होती. कोणी नाझी विचाराने भारलेले होते, कोणी साम्यवादाच्या द्वेषाने, कोणी साहसाच्या ओढीने, तर पुढील काळात अनेकांना सक्तीने ओढण्यात आले होते. फिनिश तरुणांत कट्टर उजव्या पक्षांचे अनुयायी बरेच होते, परंतु सर्वच तसे नव्हते. तोर्नी या भरतीतून जर्मनीच्या ताब्यातील व्हिएन्ना येथे गेले. तेथे त्यांनी सुमारे सात आठवडे प्रशिक्षण घेतले. एस.एस.मधील कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा त्यांना मिळाला आणि जुलै १९४१ मध्ये ते मायदेशी परतले. एव्हाना जर्मनीच्या जोडीने फिनलंडही सोव्हिएत संघाविरुद्ध पुन्हा युद्धात उतरला होता.

सात आठवडे हा काळ लहान आहे. मात्र त्याच उन्हाळ्यात त्यांच्यासोबत भरती झालेले सुमारे चारशे अनुभवी फिनिश सैनिक एस.एस.च्या वायकिंग डिव्हिजनबरोबर युक्रेनमध्ये शिरले. गॅलिशियातील गावांत या डिव्हिजनच्या वाटेवर यहुदी नागरिकांची मोठी कत्तल झाली. तोर्नी त्या आघाडीवर नव्हते. त्यांचे युद्ध फिनिश गणवेशात, कारेलियाच्या जंगलात झाले.

या दुसऱ्या युद्धातच त्यांची कीर्ती पसरली. मार्च १९४२ मध्ये बर्फावरून स्कीने जाताना ते आपल्याच सैन्याने पेरलेल्या सुरुंगावर गेले आणि गंभीर जखमी झाले. बरे होऊन ते पुन्हा आघाडीवर परतले. १९४३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली निवडक सैनिकांची एक तुकडी उभी राहिली. तिला तोर्नी तुकडी असेच नाव पडले. शत्रूच्या रांगांमागे खोलवर शिरणे, ठाणी उडविणे, कैदी पकडून आणणे, हे तिचे काम. सोव्हिएत बाजूने त्यांच्या शिरासाठी तीस लाख फिनिश मार्कांचे इनाम लावले होते, असे सांगितले जाते. ९ जुलै १९४४ रोजी त्यांना मानरहाइम क्रॉस हा फिनलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत इलोमान्त्सी येथे दोन सोव्हिएत डिव्हिजनांना मागे रेटण्यात फिनिश सैन्याला यश आले. त्या लढाईत तोर्नी यांच्या हाताखाली एक विशीतला सैनिक होता. त्याचे नाव मौनो कोइविस्तो. पुढे १९८२ ते १९९४ या काळात तो फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. समाजवादी लोकशाहीवादी पक्षाच्या या नेत्याने युद्धकाळात कोणाच्या आज्ञा पाळल्या, यावरून त्याच्या राजकारणाचा निवाडा कोणी केला नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

सप्टेंबर १९४४ मध्ये फिनलंडने सोव्हिएत संघाशी शस्त्रसंधी केली. अटीनुसार उत्तरेकडील लॅपलँडमध्ये असलेल्या जर्मन फौजांना बाहेर काढण्याचे काम फिनिश सैन्यावर आले. कालचा सहकारी आजचा शत्रू बनला. सैन्य घटविण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये कॅप्टन तोर्नी पंचविसाव्या वर्षी बेकार झाले. देशावर सोव्हिएत कब्जा होणार, ही भीती सर्वत्र होती. याच सुमारास जर्मनधार्जिण्या एका गुप्त प्रतिकार चळवळीने त्यांच्याशी संधान बांधले. जानेवारी १९४५ मध्ये ते घातपाताचे प्रशिक्षण घेण्यासाठी जर्मनीत गेले.

तोर्नी यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रकरण हेच होय. त्यांचा पहिला जर्मन प्रवास सरकारच्या मूक संमतीने झाला होता. दुसरा प्रवास मात्र आपला देश ज्याच्याशी लढत होता, त्याच्याकडे होता. लॅपलँडची गावे जर्मन फौजांनी माघार घेताना जाळली, त्यानंतरचा. प्रशिक्षण मार्चमध्ये अर्धवट गुंडाळले गेले. परतीचा मार्ग बंद झाला, तेव्हा ते एका जर्मन तुकडीत सामील झाले आणि श्वेरिनच्या परिसरात सोव्हिएत सैन्याशी लढले. अखेर त्यांनी ब्रिटिशांपुढे शरणागती पत्करली. ल्युबेक येथील युद्धकैद्यांच्या छावणीतून पळून ते जून १९४५ मध्ये फिनलंडला पोहोचले. तेथे राज्य पोलिसांनी त्यांना अटक केली. ते निसटले. एप्रिल १९४६ मध्ये पुन्हा पकडले गेले. देशद्रोहाच्या आरोपावरून खटला चालला आणि जानेवारी १९४७ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तुर्कू येथील तुरुंगातूनही ते पळाले, परत पकडले गेले आणि रीहीमॅकीच्या कारागृहात त्यांची रवानगी झाली. डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी त्यांना माफी दिली.

तोर्नी यांचा खटला चालू असतानाच्या आसपास, १ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यूरेंबर्ग येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने निकालवाचन पूर्ण केले. त्यात एस.एस. ही संपूर्ण संघटना गुन्हेगार ठरविण्यात आली व वाफेन एस.एस.चाही त्यात समावेश होता. तथापि न्यायाधीशांनी सरसकट सर्वांना एकाच मापाने मोजले नाही. गुन्हेगारी कृत्यांची जाणीव असूनही जे सदस्य राहिले किंवा ज्यांनी स्वतः गुन्हे केले, त्यांनाच दोषी धरावे, असा दंडक घातला गेला. इच्छेचा प्रश्नच न ठेवता राज्याने ज्यांना भरती केले आणि ज्यांच्या हातून गुन्हा घडला नाही, त्यांना वगळण्यात आले. गुन्हा हा व्यक्तीचा असतो, हे तत्त्व संघटनेला दोषी ठरवितानाही सोडले गेले नाही.

प्रत्यक्षात प्रत्येक देशाने आपापला न्याय केला. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये जर्मन बाजूने लढलेल्या स्वयंसेवकांना केवळ त्या सेवेबद्दल तुरुंगवास झाला, कारण त्यांच्या देशावर जर्मनीचा कब्जा होता. बाल्टिक देशांतील वाफेन एस.एस. तुकड्या मूळ संघटनेपासून वेगळ्या मानाव्यात, असे अमेरिकेच्या विस्थापित व्यक्ती आयोगाने १९५० साली ठरविले. फिनलंडमध्ये एस.एस. पलटणीत गेल्याबद्दल स्वयंसेवकांना देशद्रोही ठरविण्यात आले नाही, कारण १९४१ साली सरकारच त्यात सहभागी होते. गणवेश एकच, कायदे मात्र तीन प्रकारचे. तोर्नी यांना झालेली शिक्षाही व्हिएन्नातील त्या सात आठवड्यांबद्दल नव्हती. ती होती १९४५ सालच्या कृत्याबद्दल. आज मात्र जगभर त्यांच्याविषयी वाद होतो तो प्रामुख्याने एस.एस.च्या त्या पहिल्या गणवेशावरून. न्यायालयाने ज्याकडे पाहिले नाही, त्याकडे इतिहासाने बोट दाखविले आणि न्यायालयाने ज्याची शिक्षा दिली, ते लोक बहुतांशी विसरले. ही उलटापालट विचार करण्याजोगी आहे.

भारतीय वाचकाला येथे आपल्या इतिहासातील एक प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून जर्मनीत आझाद हिंदची जी पलटण उभी राहिली, ती ऑगस्ट १९४४ मध्ये कागदोपत्री वाफेन एस.एस.कडे वर्ग झाली होती. त्यातील साध्या शिपायांना आपण नाझी म्हणत नाही. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाझ खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात खटला चालला, तेव्हा ज्येष्ठ विधिज्ञ भुलाभाई देसाई यांनी गुलाम देशाच्या प्रजेला स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क असतो, या मुद्द्यावर बचाव उभारला होता. जन्मठेपेची शिक्षा सुनावली गेली, परंतु लोकक्षोभ पाहून सरसेनापतींनी ती रद्द केली. ही तुलना फार ताणता येणार नाही. भारत परतंत्र होता, फिनलंड स्वतंत्र होता. मात्र शत्रूचा शत्रू म्हणून कोणाचा हात धरावा आणि त्या हाताला लागलेल्या रक्ताचा हिशेब कोणी द्यावा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

सुटकेनंतर तोर्नी फिनलंडमध्ये राहिले नाहीत. १९४९ साली उत्तरेकडील तोर्निओ येथून सीमा ओलांडून ते स्वीडनमध्ये गेले. तेथून स्वीडिश खलाशाचे सोंग घेऊन व्हेनेझुएलातील काराकासला पोहोचले आणि १९५० साली एका स्वीडिश मालवाहू जहाजावर नोकरीस लागले. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील शहरानजीक जहाज आले असता त्यांनी समुद्रात उडी घेतली व पोहत किनारा गाठला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात फिनिश लोकांची मोठी वस्ती होती. तेथे त्यांनी सुतारकाम केले, साफसफाईची कामे केली. युद्धकाळातील अमेरिकी गुप्तचर संघटनेचे प्रमुख विल्यम डोनोव्हन यांच्या वकिली कचेरीने त्यांचे प्रकरण हाती घेतले आणि १९५३ साली अमेरिकी काँग्रेसच्या विशेष कायद्याद्वारे त्यांना वास्तव्याचा परवाना मिळाला. शीतयुद्ध ऐन भरात होते. सोव्हिएत सैन्याशी प्रत्यक्ष लढलेला माणूस अमेरिकेला हवा होता. त्याने पूर्वी कोणता गणवेश घातला होता, याची फारशी चौकशी करण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

परदेशी नागरिकांना अमेरिकी सैन्यात घेण्यासाठी १९५० साली झालेल्या लॉज कायद्याखाली तोर्नी १९५४ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. लॅरी थॉर्न हे नाव त्यांनी तेव्हाच घेतले. युद्धानंतर शस्त्रे दडविल्याच्या प्रकरणात फिनलंड सोडून आलेले अल्पो मार्तिनेन आदी फिनिश अधिकारी अमेरिकी लष्करात आधीच होते. त्यांच्या ओळखीने तोर्नी विशेष दलात, म्हणजे ग्रीन बेरेट सैनिकांत गेले. स्की चालविणे, बर्फात तग धरणे, डोंगर चढणे आणि गनिमी कावा हे विषय ते शिकवू लागले. १९५७ साली त्यांना नागरिकत्व मिळाले, पुढे अधिकारीपद आणि १९६० साली कॅप्टनचा हुद्दा. १९५८ ते १९६२ या काळात त्यांची नेमणूक पश्चिम जर्मनीतील बाड टोल्झ येथे होती. तेथील ज्या बराकीत अमेरिकी विशेष दलाचा तळ होता, ती इमारत नाझी काळात एस.एस.ची अधिकारी प्रशाला होती. इराणमधील झाग्रोस पर्वतात कोसळलेल्या अमेरिकी विमानापर्यंत १९६२ साली पोहोचलेल्या मोहिमेत ते उपप्रमुख होते.

नोव्हेंबर १९६३ मध्ये ते दक्षिण व्हिएतनाममध्ये दाखल झाले. कंबोडियाच्या सीमेवरील तिन्ह बिएन येथील तळावर झालेल्या लढायांत ते दोनदा जखमी झाले. लेखक रॉबिन मूर यांनी तेथील वास्तव्यानंतर लिहिलेले ग्रीन बेरेट्स हे पुस्तक १९६५ साली निघाले. त्यातील पहिल्या प्रकरणाचा नायक तोर्नी यांच्यावरून रेखाटला आहे. १९६५ साली दुसऱ्या खेपेस ते लाओसमधील हो चि मिन्ह मार्गाविरुद्ध आखलेल्या गुप्त मोहिमांवर काम करू लागले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पहिल्या मोहिमेतील तुकडी उतरवून परतताना त्यांचे हेलिकॉप्टर खराब हवामानात बेपत्ता झाले. शोध निष्फळ ठरला. मरणोत्तर त्यांना मेजरचा हुद्दा देण्यात आला. १९९९ साली फिनिश व अमेरिकी पथकांना हेलिकॉप्टरचे अवशेष सापडले आणि ओळख पटण्यास आणखी काही वर्षे गेली.

फिनलंडमध्ये दरम्यानच्या काळात त्यांची प्रतिमा दंतकथेत शिरली होती. २००४ साली दूरचित्रवाणीवरील थोर फिनिश व्यक्तींच्या लोकमतात त्यांना ५२ वे स्थान मिळाले. २०१३ साली युहा पोह्योनेन व औला सिल्वेन्नोइनेन या इतिहासकारांच्या पुस्तकाने या प्रतिमेला धक्का दिला. तोर्नी हे नाझी जर्मनीचे जाणूनबुजून साहाय्यक झाले होते, अशी मांडणी त्यांनी केली. त्यावर बरीच खळबळ माजली.

फिनलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ८ फेब्रुवारी २०१९ रोजी एक अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा वादाला अधिक गंभीर वळण लागले. जेरुसलेम येथील नाझी गुन्ह्यांचे संशोधक एफ्राइम झुरॉफ यांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्रानंतर ही चौकशी झाली होती. ७६ स्वयंसेवकांच्या दैनंदिनी आणि अन्य कागदपत्रे तपासून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, १९४१ ते १९४३ या काळात फिनिश एस.एस. सैनिकांनी यहुदी, इतर नागरिक आणि युद्धकैदी यांच्या हत्येत भाग घेतला असण्याची दाट शक्यता आहे. आपली मुले केवळ आघाडीवरचे सैनिक होती, कत्तली जर्मनांनी केल्या, हा अनेक दशकांचा समज त्याने डळमळला. त्याचबरोबर सर्वच १,४०८ जणांनी खून केले, असे अहवालाने म्हटलेले नाही. मृतांच्या नातेवाइकांना दोन्ही वाक्ये पचविणे जड गेले, आणि ते समजण्याजोगे आहे. फिनलंडचा तो काळच असा गुंतागुंतीचा होता. त्याच्या सैन्यात सुमारे तीनशे यहुदी सैनिक जर्मनांच्या शेजारी खंदकात लढत होते आणि त्याच देशाने नोव्हेंबर १९४२ मध्ये आठ यहुदी निर्वासितांना गेस्टापोच्या स्वाधीन केले होते. त्यांतील एकच वाचला.

तोर्नी यांचे नाव त्या कत्तलींशी जोडणारा पुरावा पुढे आलेला नाही. म्हणून त्यांना इतरांच्या अपराधात गोवणे अन्यायाचे होईल. परंतु केवळ साम्यवादविरोध ही सबब पुढे करून १९४५ सालचा त्यांचा निर्णय धुऊन काढणेही तितकेच चुकीचे आहे. जानेवारी १९४५ पर्यंत नाझी राजवटीचे स्वरूप जगापासून लपलेले नव्हते. त्या महिन्यात जर्मनीकडे जाणारा माणूस प्रवाहाबरोबर वाहत गेला नव्हता. त्याने वाट निवडली होती.

कोलोरॅडोतील फोर्ट कार्सन येथे विशेष दलाच्या मुख्यालयाच्या एका इमारतीला अमेरिकी लष्कराने लॅरी थॉर्न यांचे नाव दिले. आर्लिंग्टनमध्ये दफनभूमीच्या साठाव्या विभागात त्यांची कबर आहे. ती त्यांची एकट्याची नाही. त्या दिवशी हेलिकॉप्टरमध्ये असलेल्या दक्षिण व्हिएतनामी वैमानिक व सहकाऱ्यांचे अवशेष त्यांच्या अवशेषांपासून पूर्णपणे वेगळे करता आले नाहीत. म्हणून सर्वांना एकाच ठिकाणी मूठमाती देण्यात आली.